एकरी किती निघतो?

ऑक्टोबरात खरिपाची धावपळ ओसरते आणि निफाड, येवला, चांदवड, देवळ्याच्या कृषी सेवा केंद्रांत उन्हाळ कांद्याच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. प्रश्न बहुधा एकच असतो: "एकरी किती निघतो?" उत्तरही ठरलेले. कुणी दीडशे क्विंटल सांगतो, कुणी दोनशे. हे आकडे खोटेच असतात असे नाही. कुठल्या तरी शेतात, कुठल्या तरी वर्षी तेवढा कांदा निघालेला असतो. अडचण अशी, की त्या आकड्यात हंगाम कोणता हे नसते, रोपे किती होती हे नसते आणि वजन कोणत्या दिवशी केले हेही नसते. या तीन गोष्टी सोडल्या तर कांद्याच्या दोन वाणांची तुलना करण्यात काही अर्थ उरत नाही.

हरभऱ्याचे दोन वाण शेजारी शेजारी पेरून बघणे त्यामानाने सोपे, कारण हरभरा वर्षातून एकदाच येतो. महाराष्ट्रात कांदा तीनदा येतो. मे-जूनमध्ये उळे, म्हणजे रोपांसाठी बी, टाकून जुलै-ऑगस्टात लावायचा तो खरिपाचा पोळ कांदा. तो ऑक्टोबरपासून बाजारात येऊ लागतो. ऑगस्ट-सप्टेंबरात उळे टाकलेला रांगडा जानेवारी ते मार्चच्या दरम्यान निघतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात रोपे टाकून डिसेंबर-जानेवारीत लावलेला उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये काढणीला येतो. राज्यात पिकणाऱ्या कांद्यापैकी निम्म्याहून जास्त कांदा हा उन्हाळच असतो. मे महिन्यात कांदाचाळीत भरलेला हाच कांदा पुढे दसरा-दिवाळीपर्यंत आपण खातो.

तीन हंगामांत एकाच पिकाला तीन निराळी आभाळे मिळतात, आणि कांदा आभाळाकडे बघून वाढणारे पीक आहे. आपण ज्याला कांदा म्हणतो ते मूळ नव्हे आणि खोडही नव्हे. ते पानांचे फुगलेले बुडखे आहेत. आडवा कांदा चिरला की दिसणारे बाहेरचे एकेक वलय म्हणजे एकेका पानाचा तळ. त्यामुळे गाठ धरायच्या आधी रोपाने किती पाने केली आणि ती किती जोमदार होती, यावर कांद्याचा आकार बराचसा ठरून जातो. गाठ केव्हा धरायची हे रोप दिवसाच्या लांबीवरून आणि उष्णतेवरून ठरवते. आपल्याकडचे वाण 'कमी दिवसाचे' मानले जातात. त्यांना ११ ते १२ तासांचा दिवस पुरतो. युरोपातल्या किंवा अमेरिकेच्या उत्तर भागातल्या वाणांना १४ तासांहून मोठा दिवस लागतो. नाशिकचा सर्वांत मोठा दिवस जूनमध्ये येतो, आणि तोही साधारण १३ तास २० मिनिटांचाच. म्हणून तिकडचे उत्तम बियाणे आणून निफाडला लावले तर पात डोळ्यांत भरेल, पण गाठ धरणार नाही. उलट आपला कांदा इंग्लंडच्या उन्हाळ्यात, साडेसोळा तासांच्या दिवसात लावला तर चार पाने फुटतात न फुटतात तोच तो गाठ धरायला लागेल आणि हाती येईल ती चिंगळी.

आता आपल्याच तीन हंगामांकडे बघू. उन्हाळ कांदा लावतो तेव्हा दिवस ११ तासांच्या आसपास असतो आणि थंडी असते. रोप पाने करत राहते. पुढे दिवस वाढतो, ऊन तापते, एप्रिलच्या मध्याला साडेबारा तासांचा दिवस होतो आणि कांदा नीट पोसून माना टाकतो. कांद्याच्या स्वभावाला जुळणारा क्रम हाच. खरिपात सगळे उलटे चालते. लावताना दिवस मोठा, हवा दमट, आणि गाठ पोसायच्या वेळी दिवस लहान लहान होत जातो, रात्री गार पडतात. अशा वेळी बरेच वाण गाठ धरतात पण माना टाकत नाहीत. पात हिरवीच असते, मान जाड राहते. म्हणून खरिपाच्या पिकावरून रिकामे पिंप फिरवून माना मोडायची रीत पडली. उलट्या क्रमातही गाठ धरणारे वाण निवडून काढणे हे आपल्याकडच्या कांदा संशोधनाचे मोठे काम, आणि त्याची सुरुवात नाशिक जिल्ह्यातच झाली.

एन-५३ हे नाव अजून जुन्या शेतकऱ्यांच्या तोंडी आहे. तो निफाडचाच. गडद लाल, किंचित चपटा, थोडा तिखट असा हा खरिपाचा वाण हेक्टरी २० ते २५ टन देतो. पुढे पिंपळगाव बसवंतच्या केंद्रातून बसवंत-७८० आला, तो खरीप आणि रांगडा दोन्हींसाठी चालतो, १०० ते ११० दिवसांत तयार होतो आणि हेक्टरी २५ ते ३० टनांपर्यंत जातो. उन्हाळसाठी एन-२-४-१ आला. त्याचा रंग विटकरी, गोल मध्यम आकार, १२० ते १३० दिवसांचा काळ, हेक्टरी ३० ते ३५ टन, आणि चाळीत ५ ते ६ महिने टिकण्याची ताकद. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने नंतर फुले समर्थ दिला. त्याचा गुण म्हणजे खरिपातही तो लवकर तयार होतो. राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानने, म्हणजे एनएचआरडीएफने, खरिपासाठी अ‍ॅग्रीफाउंड डार्क रेड आणि उन्हाळसाठी अ‍ॅग्रीफाउंड लाइट रेड हे वाण आणले. राजगुरुनगरच्या कांदा व लसूण संशोधन संचालनालयाची 'भीमा' मालिका सर्वांत अलीकडची. संस्था ज्या खोऱ्यात आहे त्या नदीचेच नाव वाणांना दिलेले आहे.

या मालिकेतल्या आकड्यांकडे थोडे थांबून बघण्यासारखे आहे. भीमा किरण हा उन्हाळ वाण, हेक्टरी २८ ते ३२ टन. भीमा शक्ती हाही उन्हाळला चालतो, तिथे त्याचे उत्पादन २८ ते ३० टन. दोघांत फरक किती? फार तर दोन टन. आता हाच भीमा शक्ती रांगड्यात लावला तर ३५ ते ४० टन देतो. भीमा सुपर खरिपात २० ते २२ टन आणि रांगड्यात ४० ते ४५ टन, म्हणजे जवळजवळ दुप्पट! वाण तोच, बियाणे तेच. फक्त लावणीची तारीख बदलली. दोन चांगल्या वाणांत जेवढा फरक नाही, त्याच्या कितीतरी पट फरक एकाच वाणाच्या दोन हंगामांत आहे. म्हणून 'माझ्या भावाने अमुक बी टाकले, एकरी १७० निघाला' असे कुणी सांगितले तर पहिला प्रश्न बियाण्याच्या पुड्याचा न विचारता रांगडा की उन्हाळ हा विचारावा.

मग सगळ्यांनी रांगडाच का लावू नये? रांगड्याला थंडीचा लांब काळ मिळतो, पाने भरपूर होतात, करपाही खरिपाइतका छळत नाही, म्हणून उतारा मोठा. पण त्याच थंडीत एक धोका असतो. कांदा मुळात द्विवर्षायू. पहिल्या वर्षी गाठ, दुसऱ्या वर्षी फूल असा त्याचा क्रम. रोप पुरेसे जाड झाले असताना रात्रीचे तापमान १० ते १५ अंशांत बरेच दिवस राहिले, की एक वर्ष सरले असा त्याचा समज होतो आणि मधूनच डेंगळा, म्हणजे फुलाचा दांडा, निघतो. डेंगळा आलेल्या कांद्याला आत कडक दांडा राहतो, असा कांदा विकला जात नाही आणि टिकतही नाही. त्यात जोड कांद्याची भर. बुडख्याच्या आत दोन वाढबिंदू झाले की एका पापुद्र्यात दोन कांदे भरतात. लांब अंतरावर लावलेल्या, पाण्याचा ताण बसून मग एकदम पाणी मिळालेल्या पिकात हे जास्त होते; पण वाणाचाही त्यात मोठा हात असतो. भीमा सुपरचे कांदे बहुतेक एकाच केंद्राचे असतात, भीमा किरणमध्ये डेंगळे आणि जोड मिळून ५ टक्क्यांच्या आत राहतात. घरचे जपलेले, पण कसेही निवडलेले बियाणे यात पहिल्यांदा मार खाते. वजनकाट्यावर जोड कांदा आणि डेंगळाही कांदाच असतो. लिलावात तो वेगळा पडतो. एकूण उत्पादन आणि विकाऊ उत्पादन हे दोन रकाने वेगळे लिहिलेले नसतील तर तो तक्ता बाजूला ठेवलेला बरा.

रोपांच्या संख्येचा हिशेब सोपा आहे, तरी तो क्वचित कुणी मांडतो. १५ बाय १० सेंटीमीटरवर लावणी केली तर हेक्टरी सुमारे ६ लाख ६६ हजार रोपे बसतात. प्रत्येक कांदा सरासरी ४५ ग्रॅमचा भरला तर ३० टन झाले. ६० ग्रॅमचा भरला तर ४० टन. म्हणजे कांद्यामागे फक्त १५ ग्रॅमचा फरक, एका लिंबाच्या निम्म्याहूनही कमी. आता लावणीनंतर मर होऊन पाचवा हिस्सा रोपे गेली असतील, तर ६० ग्रॅमचे कांदे असूनही उत्पादन ३२ टनांवर येते. एखाद्याच्या शेतात 'नवा वाण' हरतो तेव्हा पुष्कळदा हरलेली असते रोपवाटिका. खरिपात ही शक्यता फारच मोठी. पावसात सपाट वाफ्यात टाकलेले उळे सडते. गादीवाफ्यावर टाकलेले वाचते. खरिपासाठी ४०-४५ दिवसांचे आणि उन्हाळसाठी ५०-५५ दिवसांचे रोप चांगले मानतात. मजूर मिळाले नाहीत म्हणून ७० दिवसांचे झालेले रोप लावायचे आणि मग वाणाला बोल लावायचा, हा न्याय नव्हे.

जगाशी तुलना करताना आपल्याकडे एक हळहळ नेहमी ऐकू येते. भारताचे सरासरी उत्पादन हेक्टरी १७-१८ टनांच्या आसपास, आणि अमेरिका किंवा दक्षिण कोरियात ते ६० टनांच्या वर. यात आपले उणेपण आहेच. पाणी, रोपांची घनता, करपा, फुलकिडे या सगळ्यांत आपण मागे पडतो. पण तिकडचा कांदा बराचसा पिवळा, मोठा, पाणीदार असतो, दोन-अडीचशे ग्रॅमचा. त्याला लांब दिवस आणि सौम्य हवेचा लांब काळ मिळतो. शिवाय तिकडे संकरित वाण रुजलेले आहेत. त्यांची गोष्ट रंजक आहे. १९२५ साली कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथे संशोधक हेन्री जोन्स यांना 'इटालियन रेड' जातीत एक झाड सापडले, ज्याच्या फुलांत परागच नव्हते. बी धरत नव्हते म्हणून एरवी ते फेकले गेले असते. पण त्याच्या गेंदात छोटे कांदे तयार झाले आणि त्यांवरून ते झाड जिवंत ठेवता आले. त्या एका नरवंध्य झाडापासून कांद्याचे संकरित बियाणे करण्याची वाट निघाली. कांद्याचे फूल इतके बारीक, की हाताने परागकोश काढून संकर करणे व्यापारासाठी शक्यच नव्हते. आपल्याकडे बंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेने अर्का कीर्तिमान आणि अर्का लालिमा हे संकरित वाण काढले आहेत. तरी महाराष्ट्रात बहुतेक क्षेत्र अजून सरळ वाणांखालीच आहे. बियाण्याची किंमत हे एक कारण, आणि टिकाऊपणा हे दुसरे. साठवणीत पाच महिने काढण्याची अट घातली की मोठ्या, पाणीदार कांद्याचा वरचष्मा संपतो.

माझ्या मते कांद्याच्या वाणांची खरी परीक्षा याच ठिकाणी होते, आणि तीच आपल्या तुलनेतून नेमकी गळते. मे महिन्यात चाळीत भरलेला कांदा तीन वाटांनी कमी होतो. आधी उन्हाने पाणी उडून वजन घटते. जून-जुलैत हवा दमट झाली की सड आणि काजळी लागते. ऑगस्टनंतर गारवा आला की कोंब फुटतात. शीतगृहाचा उपाय ऐकायला सोपा वाटतो, पण कांदा एकतर शून्याजवळ सुप्त राहतो नाहीतर २५ ते ३० अंशांत. मधल्या १० ते २० अंशांत तो सर्वांत जास्त कोंबतो, आणि शीतगृहातून बाहेर काढला की त्याला याच तापमानातून जावे लागते. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राने २००२ साली 'कृषक' हा विकिरण प्रकल्प उभा केला. अगदी थोड्या मात्रेच्या गॅमा किरणांनी कांद्याचे कोंब थांबतात. पण सड आणि वजनघट त्याने थांबत नाही. तिथे वाणच कामाला येतो. बारीक मान, घट्ट चिकटलेली दोन-तीन पापुद्र्यांची पत्ती आणि जास्त शुष्क पदार्थ या तीन गुणांवर टिकाऊपणा उभा असतो. एन-२-४-१, भीमा किरण, भीमा शक्ती हे ५ ते ६ महिने निघतात ते याच गुणांवर. पांढरा भीमा श्वेता उन्हाळात २६ ते ३० टन देतो, म्हणजे लाल भावंडांच्या फार मागे नाही. पण त्याची साठवण जेमतेम तीन महिन्यांची. पांढऱ्या कांद्याचा मार्ग वेगळा आहे: काढा आणि सुकवणीच्या कारखान्याला द्या, नाहीतर अलिबागकरांसारखी माळ विणून गोड म्हणून चढ्या भावाने विका.

कागदावर मांडून बघू. समजा एका वाणाने एकरी १४० क्विंटल दिले आणि दिवाळीपर्यंत चाळीत ४५ टक्के गेले; हाती राहिले ७७. दुसऱ्याने १२० दिले आणि २५ टक्के गेले. हाती राहिले ९०. काढणीच्या दिवशी पहिला वाण २० क्विंटलने पुढे होता, विक्रीच्या दिवशी १३ क्विंटलने मागे. हे आकडे कल्पित आहेत, पण असा उलटफेर चाळ असलेल्या कुठल्याही गावात ओळखीचा आहे. आणि पहिल्या वाणाचा सडका कांदा निवडायला लागलेली मजुरी यात धरलेलीच नाही. मात्र कांदा काढल्या काढल्या विकायचा असेल, हातात पैसा लगेच हवा असेल, तर पहिलाच वाण शहाणपणाचा ठरेल. चाळ नसलेल्याने टिकाऊ वाणाच्या मागे लागण्यात फायदा नाही.

कोणाचे कौशल्य आणि कोणाचा वाण हे वेगळे करण्यासाठी शास्त्रज्ञ एक साधी युक्ती वापरतात. एकेक वाण एकाच मोठ्या तुकड्यात न लावता प्रत्येकाचे लहान वाफे करायचे, ते तीन-चार वेळा लावायचे, आणि कोणता वाफा कुठे यायचा हे चिठ्ठी टाकून ठरवायचे. एका कोपऱ्यात जमीन भारी, दुसऱ्यात पाणी साचते, हा फरक अशा रीतीने सगळ्यांच्या वाट्याला येतो. या पद्धती भारतातल्या शेती महाविद्यालयांना शिकवणारे पुस्तक १९५४ साली आले, ते विनायक गोविंद पानसे आणि पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी संख्याशास्त्रज्ञांचे. आजही कृषी विद्यापीठातल्या बहुतेक प्रबंधांच्या संदर्भयादीत हे पुस्तक असतेच. शेतावरच्या 'पीक पाहणी'च्या कार्यक्रमात मात्र एकच वाण, रस्त्यालगतच्या सर्वांत चांगल्या तुकड्यात, भरपूर खत घालून दाखवला जातो आणि शेजारी तुलनेला काहीच नसते. अशा पाहणीतून फोटो मिळतो. वाण कळत नाही.

बियाण्याबद्दलही एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. कांद्याचे फूल आपले पराग आधी टाकते आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून परपरागीकरण अटळ. मधमाश्या ते करतात. शेजारच्या शेतात दुसऱ्या वाणाचे डेंगळे फुलले असतील तर तुमच्या बियाण्यात त्याची सरमिसळ होतेच. प्रमाणित बियाण्यासाठी अर्धा आणि पायाभूत बियाण्यासाठी १ किलोमीटर अंतर राखायचा नियम त्यासाठीच आहे. 'फुरसुंगी' वाणाचे म्हणून विकले जाणारे दोन घरचे लॉट एकसारखे निघत नाहीत ते यामुळे. भरीस भर म्हणजे कांद्याचे बी लवकर म्हातारे होते. एका वर्षानंतर उगवण झपाट्याने घसरते. शिळे बी आणि ताजे बी यांची तुलना करून वाणाचा निकाल लावणारे पुष्कळ आहेत.

तेव्हा यंदा नवे बी टाकणार असाल तर सगळे शेत त्याच्या हवाली करू नका. जुन्या वाणाच्या शेजारी त्याचे चार लहान वाफे करा, उळे एकाच दिवशी टाका, रोपे एकाच दिवशी त्याच अंतरावर लावा, पाणी आणि खत सारखेच द्या. लावणीच्या साठ दिवसांनंतर नत्र देऊ नका, त्याने मान जाड होते, आणि काढणीच्या दहा-पंधरा दिवस आधी पाणी तोडा. काढल्यावर पातीसह तीन दिवस शेतातच सुकू द्या, मग दोन-अडीच सेंटीमीटर मान ठेवून कापा. जोड, डेंगळे आणि बारीक गोल्टी वेगळी करून उरलेल्या चांगल्या कांद्याचे वजन वहीत लिहा. मग प्रत्येक वाणाची एक-एक जाळीची गोणी भरून, त्यावर नाव व वजन लिहून, चाळीत एकाच उंचीवर ठेवा. दर महिन्याला ती तोला आणि सडके-कोंबलेले वेगळे लिहा. पुढच्या ऑक्टोबरात बी घ्यायला दुकानात जाल तेव्हा ती वही बरोबर असू द्या, आणि एकरी किती निघतो हे दुकानदाराला विचारण्याआधी ती उघडा.